ॲव्हरेज विचारणं मी सोडलं

दौंड तालुक्यातल्या आमच्या राहू गावच्या चौकात कुणी गाडी आणून उभी केली, नवी असो नाहीतर जुनी, की जमलेल्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "ॲव्हरेज किती देती?" मीही वर्षानुवर्षं हेच विचारत आलो. माझा सल्लाही ठरलेला असायचा. रोजचं जाणं-येणं असेल तर डिझेल घ्या. जुनी घ्या, पण डिझेलच घ्या. पाहुण्यारावळ्यांना हे सांगितलं, कंपनीतल्या पोरांना सांगितलं, लग्नाच्या पंगतीत बसून यावर तावातावानं बोललो. आज माझं मत तसं राहिलेलं नाही. ते कशानं बदललं ते लिहावंसं वाटलं, कारण त्याच मताच्या भरवशावर आमच्याकडची माणसं आजही पतसंस्थेचं कर्ज काढून गाडी दारात आणतात आणि मग पगारातला मोठा वाटा तिच्यापायी घालवतात.

त्या मताला एके काळी भक्कम आधार होता. १९९८ च्या अखेरीस टाटांची इंडिका आली, आपल्या पिंपरीत बनलेली. डिझेलवर चालणारी, घरचं सगळं माणूस ऐसपैस बसेल अशी छोटी गाडी. पुढं जून २०१० मध्ये सरकारनं पेट्रोलचे दर मोकळे केले, डिझेलचे मात्र ऑक्टोबर २०१४ पर्यंत हातात ठेवले. पहिल्या दोन वर्षांत दोन्हींतलं अंतर वाढतच गेलं. २०१२ च्या उन्हाळ्यात लिटरमागे तीस रुपयांच्या आसपास फरक होता. ज्याला रोज पळायचं आहे त्यानं तेव्हा पेट्रोल गाडी घेतली असती तर घरच्यांनीच त्याला वेड्यात काढलं असतं.

आणि मग ते इंजिन. फियाटचं १२४८ सीसीचं मल्टिजेट. स्विफ्टमध्ये तेच, डिझायरमध्ये तेच, इंडिका व्हिस्टात तेच, पुंटोत तेच. मारुती ते परवान्यावर हरियाणात बनवायची, आणि फियाटचं स्वतःचं बनायचं आमच्या उंबऱ्यापाशी, शिरूर तालुक्यात, रांजणगावच्या एमआयडीसीत. राहू बेटातली, म्हणजे आमच्या भागातली, कितीतरी पोरं त्या वसाहतीत कामाला जातात. भीमेपलीकडं तयार झालेलं इंजिन देशभरच्या गाड्यांत चालतंय याचा मला अभिमान वाटायचा, अजूनही वाटतो. डिझेलबद्दलच्या माझ्या ओढीत हिशेबाइतकाच हा अभिमानही होता, हे लपवण्यात अर्थ नाही.

पुढं एकेक आधार निघून गेला. दर मोकळे झाल्यावर डिझेलची ती स्वस्ताई राहिली नाही. आता पुणे जिल्ह्यात दोन्हींत तेरा-चौदा रुपयांचा फरक उरला आहे. १ एप्रिल २०२० ला गाड्यांच्या धुराचे बीएस-६ नियम लागू झाले आणि मारुतीनं डिझेल गाड्या बनवणंच थांबवलं. म्हणजे जुन्या बाजारात जी मल्टिजेटवाली स्विफ्ट किंवा डिझायर मिळते ती त्या तारखेच्या आधीची असते. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. आठ-नऊ वर्षांची गाडी आज जास्त पैसे मोजून घ्यायची, तर तिच्या हाती नोंदणीची किती वर्षं उरली हे बोटांवर मोजता येतं. या सगळ्या गोष्टी मी पेपरात वाचत होतो, पण त्या आणि माझं मत एकमेकांसमोर मी कधी बसवले नाहीत. स्वतःच्या पैशानं गाडी घ्यायची वेळ आली तेव्हा बसवावे लागले.

गाडीची गरज आमच्या घरात हौसेतून निघाली नाही. मी सणसवाडीतल्या एका कारखान्यात आहे, बायको तळेगाव ढमढेरेत शिक्षिका. राहूतून पाटेठाण, तिथून भीमेवरचा पूल ओलांडला की शिरूर तालुका, मग विठ्ठलवाडी, तळेगाव, शिक्रापूर आणि पुढं नगर रस्ता. जाऊन-येऊन पन्नास किलोमीटरच्या आत-बाहेर. इतकी वर्षं हे मोटरसायकलवर चाललं. पण आमच्या बेटात रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस उभा असतो आणि त्या उसात आता बिबट्या कायमचा राहायला आलाय. तो उसातच जन्मतो, उसातच वाढतो. २०२५ च्या दिवाळीच्या आगेमागे शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडच्या परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत लहान मुलं गेली, म्हातारं माणूस गेलं. त्यानंतर दुसरी पाळी करून रात्री मोटरसायकलवर घरी येणं घरच्यांनी बंदच करायला लावलं. गळीत हंगामात तर त्याच रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, मागं ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर. तेव्हा चार चाकं आणि डोक्यावर पत्रा पाहिजे हे नक्की झालं. खिशात आणि पतसंस्थेत मिळून साडेतीन लाखांची तयारी होती.

पहिल्यांदा मी अर्थातच डिझेल सेडान पाहायला लागलो. डिकीवाली गाडी दारात असावी असं मनात होतंच. आमच्याकडं सोयरिकीच्या बोलण्यातसुद्धा गाडीची लांबी मोजली जाते. कंपनीच्या कागदावरचे आकडे तर मला पाठ होते. २०१७ च्या डिझेल डिझायरला लिटरमागे २८.४ किलोमीटर, त्याच काळातल्या पेट्रोल वॅगनआरला २०.५१. हे आकडे एआरएआयच्या चाचणीचे. ही संस्था आपल्या पुण्यातच आहे, कोथरूडच्या टेकडीवर. ही चाचणी प्रयोगशाळेत होते: गाडीची चाकं रोलरवर, एसी बंद, ठरवून दिलेला वेग आणि ठरवून दिलेली मिनिटं. शिक्रापूरच्या चौकातली कोंडी त्या रोलरवर नसते, विठ्ठलवाडीकडचे खड्डे नसतात, मे महिन्यातला एसी नसतो. दोन गाड्यांची तुलना करायला ते आकडे उत्तम आहेत. आपल्या टाकीचा हिशेब मात्र त्यावर मांडता येत नाही.

म्हणून एका रविवारी वही घेऊन स्वतःचा हिशेब मांडला. तो इथं पूर्ण देतो, कारण माझं मत त्या पानावर बदललं. वर्षाला पंधरा हजार किलोमीटर धरले. पेट्रोल १०५ रुपये, डिझेल ९१. आमच्या रस्त्यावर जुनी डिझेल सेडान लिटरला वीस देईल असं धरलं, तर वर्षाला ७५० लिटर, म्हणजे ६८,२५० रुपये. छोटी पेट्रोल गाडी अठरा देईल असं धरलं, तर ८३३ लिटर, म्हणजे साडेसत्याऐंशी हजार. डिझेलमुळं वर्षाला वाचले सव्वाएकोणीस हजार. आता किंमत. साधारण एकाच वर्षाच्या गाड्यांना मला सांगितलेले भाव असे होते: डिझेल सेडान साडेचार लाख, छोटी पेट्रोल तीन लाख. वरचे दीड लाख वर्षाच्या सव्वाएकोणीस हजारांनी वसूल व्हायला पावणेआठ वर्षं लागतात. त्यात दीड लाखावरचं व्याज धरलेलं नाही. डिझेलच्या सर्व्हिसिंगला लागणारं जादा ऑइल आणि महागडे फिल्टर धरलेले नाहीत. पावणेआठ वर्षांनी त्या गाडीची नोंदणीच संपलेली असते.

मग दुसरा हिशेब केला, तो ॲव्हरेजचाच. सतरा देणारी पेट्रोल गाडी आणि वीस देणारी पेट्रोल गाडी, या दोघींत वर्षाला फरक पडतो साधारण तेरा हजार नऊशेंचा. महिन्याला अकराशे-साडेअकराशे. आणि ज्या गाडीचा टर्बो, इंजेक्टर, क्लच किंवा एसीचा कॉम्प्रेसर यातलं एखादं काम निघालं, ती एका फटक्यात यापेक्षा जास्त घेऊन जाते. ज्या आकड्यासाठी मी इतकी वर्षं भांडत होतो तो महिन्याला अकराशे रुपयांचा होता. गाडीच्या आधीच्या मालकानं तिला कसं वागवलं, हा प्रश्न त्याच्या कितीतरी पट मोठा होता आणि तो मी कुणालाच विचारत नव्हतो. उसात आम्ही हेच करतो. एकरी टनेज छाती फुगवून सांगतो. खत, पाणी, तोडणी वजा जाता हातात काय राहिलं हे कुणी पारावर सांगत नाही.

तरीही मन लगेच वळलं नाही. वाघोलीला एक डिझेल सेडान पाहायला गेलोच. पांढरी, पॉलिश मारलेली, मीटरवर बेचाळीस हजार. सोबत चौफुल्याकडचे आमचे जुने फिटर होते. सगळा परिसर त्यांना तात्या म्हणतो. मी सवयीनं चावी फिरवायला हात पुढं केला तर तात्या म्हणाले, "दादा, इंजिन नंतर ऐका. आधी दाराचं रबर वढा." मागच्या दाराच्या चौकटीवरचं काळं रबर त्यांनी बोटभर खाली ओढलं. कंपनीतून आलेल्या पत्र्यावर तिथं ठराविक अंतरावर वेल्डिंगचे गोल ठसे दिसतात. उजव्या बाजूला ते होते. डाव्या बाजूला ठसे नव्हते, सपाट लांबी होती आणि वर रंग. म्हणजे डावी बाजू कधीतरी आत गेली होती. मग तात्या टायरपाशी बसले. टायरवर चार आकड्यांचा शिक्का असतो. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन साल. गाडी २०१६ ची, चारही टायर २०२१ चे, आणि तेसुद्धा गुळगुळीत झालेले. बेचाळीस हजारांत दोन जोड टायर झिजत नाहीत. ब्रेकच्या पायडलचं रबर कडेनं उघडं पडलं होतं. शेवटी इंजिन चालू करून त्यांनी ऑइलचं झाकण काढलं. आतून भकाभका धूर वर आला. तात्यांनी झाकण लावलं, हात पुसले आणि मालकाला नीट नमस्कार करून आम्ही निघालो. वाटेत ते एवढंच म्हणाले, "ॲव्हरेज चांगलं देईल की. पर कुठवर?"

सीएनजीबद्दलही प्रामाणिकपणे सांगायला हवं, कारण नुसत्या हिशेबात सीएनजीच जिंकतो. किलोला पंचवीस किलोमीटर आणि भाव ९२ रुपये धरला तर वर्षाचा खर्च पंचावन्न हजारांवर येतो, पेट्रोलपेक्षा बत्तीस हजारांनी कमी. वरचे पैसे तीन वर्षांत सुटतात. रोजचं पळणं शंभर किलोमीटर असतं तर मी दुसरं काही पाहिलंच नसतं. पण माझ्या पैशात मिळणाऱ्या कंपनी फिटिंगच्या गाड्या आधीच भरपूर पळालेल्या होत्या. बाहेरून किट बसवलेल्या गाडीत तर आणखी पाहायला लागतं: किटची नोंद आरसीवर आहे का, विम्यात आहे का, आणि टाकीची दर तीन वर्षांनी करायची दाबचाचणी झालेली आहे का. एका गाडीवर त्या चाचणीची पट्टीच नव्हती. पाठीमागं लेकरं बसणार आणि त्यांच्यामागं ती टाकी. तिथं मी क्षणभरही थांबलो नाही. शिवाय पाळी सुटल्यावर गॅसच्या रांगेत जाणारा वेळ आणि टाकीनं खाल्लेली डिकी. आमच्या घरी डिकीत आठवड्याला पेंडीचं पोतं येतं.

पेट्रोलकडं वळलो तर तिथं आमच्याच शेतातला एक प्रश्न उभा राहिला. इथेनॉल. आमच्या पाटेठाणला कारखाना, पाटसला कारखाना. उसाच्या मळीपासून आणि रसापासून इथेनॉल होतं, ते पेट्रोलमध्ये जातं आणि त्यामुळं उसाच्या बिलाला हातभार लागतो. ऊसवाल्याच्या घरात जन्मलेला माणूस म्हणून मी या धोरणाच्या बाजूनं आहे. पण २०२५ पासून पंपावर सर्रास वीस टक्के मिश्रणाचं पेट्रोल मिळतं, आणि एप्रिल २०२३ च्या आधीच्या बहुतेक गाड्या त्यासाठी बनवलेल्या नाहीत. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच म्हटलं आहे की अशा जुन्या चारचाकींचं ॲव्हरेज सहा-सात टक्क्यांनी घटू शकतं. म्हणजे अठरा देणारी गाडी सतराच्या खाली येते. कागदावरचा आकडा पाहून गाडी घेणाऱ्याला हे कुणी सांगत नाही. रबरी नळ्या, फ्युएल पंप, सील जुने असतील तर ते एकदा फिटरला दाखवून घ्यावेत. तात्यांनी माझ्या गाडीच्या नळ्या पहिल्याच सर्व्हिसिंगला बदलल्या. आपण पिकवलेला ऊस आपल्याच टाकीत येतो याचा आनंद मला आहे. तेवढी घट मी हिशेबात आधीच धरून ठेवली.

नव्या गाडीचा विचारही मधे आला. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि नव्या-जुन्यातलं अंतर कमी झालं. दोन-तीन वर्षांची जुनी गाडी नव्याच्या जवळपासच्या भावात कुणी सांगत असेल तर नवीच घ्यावी, असं माझं आता स्पष्ट मत आहे. माझ्या साडेतीन लाखांत तो प्रश्न नव्हता.

अखेर घेतली ती २०१७ ची पेट्रोल वॅगनआर, हडपसरच्या एका निवृत्त बँक कर्मचाऱ्याकडून. पहिलाच मालक. दर सर्व्हिसिंगची पावती फाइलला लावलेली, प्रत्येक पावतीवर किलोमीटर लिहिलेले आणि ते आकडे क्रमानं चढत गेलेले. ती फाइल चाळताना मला जी खात्री वाटली ती कुठल्याही ॲव्हरेजच्या आकड्यानं आजवर वाटली नव्हती. रंग थोडा उडालेला, पुढच्या बंपरला ओरखडा. उंच बसायला मिळतं, आईला वाकावं लागत नाही, आणि ट्रॉलीच्या पलीकडचं दिसतं.

कागदांबद्दल मी पूर्वी फारच ढिला होतो, ओळखीत व्यवहार असेल तर सह्या घेऊन ठेवायच्या आणि नाव नंतर सवडीनं बदलायचं असं मीही म्हणायचो. आता म्हणत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच कायद्यानं मालक. अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी त्याच्यावर. हडपसरच्या त्या सज्जन माणसाला माझ्यामुळं न्यायालयात उभं राहावं लागलं असतं. त्यामुळं फॉर्म २९ आणि ३० त्याच दिवशी भरले. आमचा दौंड तालुका बारामतीच्या कार्यालयाकडं, एमएच-४२. विम्यात नाव बदलायचा अर्ज चौदा दिवसांत द्यावा लागतो; तो दिला नाही तर समोरच्याची भरपाई विमा कंपनी देते, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीला मात्र अडून बसू शकते. मालकाचा नो क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही, तो त्याचा त्याच्याकडंच राहतो. त्यामुळं हप्ता वाढतो, तेही आधी धरून ठेवावं. कर्जाचा बोजा उतरला आहे का हे एमपरिवाहनवर नंबर टाकला की दिसतं. आणि १ एप्रिल २०१९ पूर्वीची गाडी असेल तर नवी एचएसआरपी पाटी बसवलेली आहे का तेही पाहायचं.

ॲव्हरेज मी अजून मोजतो, टाकी काठोकाठ भरून, पुन्हा काठोकाठ भरेपर्यंत. सतराच्या आसपास मिळतं. ते मोजतो ते गाडीच्या तब्येतीसाठी: आकडा एकाएकी खाली आला तर टायरची हवा कमी झालेली, एअर फिल्टर तुंबलेला किंवा ब्रेक धरून बसलेला असतो. चौकात मात्र कुणाची गाडी पाहिली की आता मी पहिल्यांदा विचारतो, कुणाकडून घेतली आणि फाइल आहे का.

पारगावचा माझा मेहुणा शेतीची औषधं विकतो. दौंड, शिरूर, श्रीगोंदा असं त्याचं रोजचं दीडशे किलोमीटरचं पळणं. त्याला डिझेलच हवी आहे, आणि ती त्याला माझ्याच जुन्या बोलण्यानं हवी आहे. त्याच्या अंतराला माझा हिशेब लागू होत नाही, हे मी त्याला सांगितलं. वही काढून त्याच्या किलोमीटरवर नव्यानं मांडलं तर कंपनी फिटिंगची सीएनजी पुढं येते आणि चांगल्या फाइलची डिझेल तिच्या मागोमाग. येत्या रविवारी दोन गाड्या पाहायला जायचं ठरलंय. तात्या येणार आहेत. विकणाऱ्या दोघांनाही फोन करून सांगितलंय की आम्ही पोचेपर्यंत इंजिन चालू करू नका, थंड इंजिनच पाहायचं आहे.